महाराजांच्या छातीवरचं रफू

महाराजांनी एक्केचाळीस वर्षं राज्य केलं, असं सगळे म्हणतात. केलं असेल हो! पण त्यांचा अंगरखा एक्केचाळीस वर्षं कुणी टिकवला? माझ्या आत्याने. सख्ख्या आत्याने! मला विचाराल तर निम्मं राज्य तिचंच.

आमच्याकडे राजाला गादीवर बसताना एकच अंगरखा मिळतो, हिरवा, मंतरलेला. राजाने कुणावर अन्याय केला की तो आपोआप फाटतो. सांधला मात्र आपोआप जात नाही, त्याला माणसाचाच हात लागतो. वर्षातून एकदा राजाने तो घालून चौकात लोकांसमोर उभं राहायचं. फाटका दिसला की मुकुट खाली. म्हणून राजवाड्यात रफूवालीला सेनापतीइतका मान. आत्या म्हणायची, जास्तच.

ती खिडकीशी बसायची, अंगरख्याच्याच शिवणीतून एकेक धागा ओढून काढायची आणि वीण अशी भरायची की भिंग लावूनही सापडू नये. तिचं म्हणणंच होतं, दिसलं ते रफूच नव्हे.

नवव्या वर्षी नदीवरचा नवा पूल कोसळला. महाराजांना तो आपल्या वाढदिवशीच खुला करायचा होता. गवंडी हातापाया पडून सांगत होता, चुना अजून ओला आहे. ऐकतंय कोण? पूल पडल्यावर तुरुंगात गेला तो गवंडीच. त्याच दिवशी पेटीतला अंगरखा छातीवर वीतभर फाटला. महाराजांनी तीन महिने पेटी बंदच ठेवली.

चौकात उभं राहायच्या आदल्या सकाळी मात्र स्वतः आत्याच्या खोलीत आले आणि अंगरखा तिच्या मांडीवर टाकला.

"उद्या उभं राहायचंय. दिसणार नाही असं कर."

आत्याने फाटलेल्या कडा चाचपल्या. "हे गवंड्याचं ना?"

"तुला काय करायच्यात नसत्या चौकशा?"

तिला जमलं असतं. अख्ख्या राज्यात तिलाच जमलं असतं, आणि तेच तिला झोंबलं. एक निरपराध माणूस आत कुजत राहणार, आणि ते झाकणार हिचा हात! तिने सुई खाली ठेवली. "मी नाही करणार."

"हात कलम करीन!"

चर्र! अंगरखा आणखी चार बोटं फाटला.

"बोला, अजून बोला," आत्या म्हणाली. "कमरेपर्यंत जाऊ दे."

हे सांगताना ती हसायची, पण तेव्हा तिने दोन्ही हात पदराखाली लपवले होते. महाराज मटकन चिंध्यांच्या ढिगावरच बसले. मग म्हणाले, "कबूल केलं तर ठेवतील का गं लोक मला?"

"ते मला काय माहीत, महाराज? मला सुई कळते. आधी त्याला सोडा, मग बघते."

गवंडी दुपारीच सुटला. आत्या कामाला बसली, आणि जन्मात केलं नव्हतं ते तिने केलं. हिरव्या कापडावर लालभडक दोरा घेतला. लपवायचं काम ती करणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. ती लाल रेघ पार शेवटच्या रांगेतून दिसत होती. कुजबुज सुरू झाली, तसं महाराजांनी सांगूनच टाकलं, "पूल माझ्या घाईमुळे पडला. शिक्षा गवंड्याने भोगली, चूक माझी." मुकुट काढून हातात धरला आणि मान खाली घालून उभे राहिले.

गवंडी गर्दीतून पुढे आला. त्याने त्या रेघेवर अंगठा दाबला, दोन्ही बाजूंनी कापड ताणून पाहिलं, नवी भिंत तपासावी तसं.

"पक्कं आहे," तो म्हणाला. "महाराज, माझे तीन महिने मी विसरणार नाही. पण चूक छातीवर घेऊन उभा राहणारा दुसरा राजा आणायचा कुठून?" आणि मुकुट त्यांच्या हातातून घेऊन त्यानेच त्यांच्या डोक्यावर ठेवला.

चौक नुसता दणाणला. आत्या मागे उभी होती, ढसाढसा रडत. शेजारच्या अनोळखी बाईने विचारलं, "गवंडी तुमचा कोण?"

"माझा कुणी नाही," आत्या म्हणाली. "ते रफू माझं आहे."