खांबाला बांधलेला मोजा

सकाळी सहा पस्तीसला देवजी शिडीवर असतो. तलासरीजवळच्या एका खाजगी विमान प्रशिक्षण केंद्राची ही धावपट्टी. तिच्या कडेला खांब आणि खांबाच्या टोकाला केशरी कापडाची लांब नळी. ती वाऱ्याने फुगली की वारा कुठून येतो ते वैमानिकाला वरून कळतं. सगळे तिला मोजा म्हणतात. देवजी मोज्याची कडी हाताने फिरवून पाहतो, शिवण तपासतो.

धावपट्टीची देखभाल करणारा देवजी मूळ समुद्रकाठच्या वाढवणचा. बावीस वर्षं बोटीवर होता. वारा पिसाळला की बावटा फाटू नये म्हणून काठीला गुंडाळून बांधायचा, ही त्याच्या हातांची सवय. गेल्या फेब्रुवारीत एका दुपारी मोजा उसवला. चिंध्या व्हायला नकोत म्हणून त्याने तो खांबाला बांधला आणि सुईदोरा आणायला शेडकडे गेला.

तेवढ्यात भाविनी ही शिकाऊ वैमानिक एकटीच उतरायला आली. मोजा लोंबलेला पाहून तिला वारा पडलाय असं वाटलं. विमान समोरच्या वाऱ्यात उतरवायचं असतं, पण ती वारा पाठीशी घेऊनच उतरली. विमान थांबेना, पट्टी संपल्यावर चरात गेलं. तिच्या मणक्याला मार बसला.

चौकशीत ती सांगत राहिली, मोजा लोंबत होता. अपघातानंतरच्या फोटोंत मोजा फुगलेला होता. पोरीची चूक, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

"गप बसा," घरी त्याची बायको निर्मला म्हणाली. "गुडघे वाजतात तुमचे. ही नोकरी गेली तर बोटीवर कोण घेतोय तुमाला?"

"ती खरं बोलते ना पण," देवजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो चौकशीच्या साहेबांसमोर उभा राहिला. "साहेब, मोजा बांधलेला होता. मीच बांधला."

"कशाला?"

"फाटला असता."

"मग सोडला कधी?"

"विमान चरात गेल्यावर. आधी मोजा सोडला, मग तिच्याकडे पळालो."

साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं.

अहवालात दोन चुका आल्या. भाविनीने रेडिओवर वारा विचारला नाही. देवजीने मोजा बांधला आणि कुणाला कळवलं नाही. तिचं प्रशिक्षण रद्द झालं नाही, पण ती अजून कमरेला पट्टा लावून चालते. देवजीला दोन महिने घरी बसवलं, मग परत घेतलं. शेडमध्ये आता दुसरा मोजा टांगलेला असतो. विमान हवेत असताना खांबाला हात लावायचा नाही, असा नियम झाला आहे.

उद्या पहिलं विमान साडेसातला सुटेल. त्याआधी, सात वाजता, देवजी वहीत वाऱ्याची दिशा लिहून खाली सही करील.