पाकिटावरचं इंग्रजी

मी पदवीधर झालो तो माझ्या मोठ्या बहिणीमुळे. मी तिला बाई म्हणतो. सातवीनंतर तिची शाळा सुटली, कारण घरकाम आणि कापसाची वेचणी आईला एकटीला होत नव्हती. माझी शाळा मात्र कधी सुटली नाही. वेचणीच्या दिवसांत ती म्हणायची, "तू बस पुस्तक घेऊन. तुया वाट्याची ओळ मी वेचतो."

तिचं लग्न नेरजवळच्या गावात झालं. तीन वर्षं झाली तरी मूल नव्हतं. पाळी कधी दोन महिन्यांनी यायची, कधी चार. हनुवटीवर राठ केस येऊ लागले, म्हणून शेतात ती तोंडाला रुमाल बांधून वेचायची. "दाढी आली, पोर काही आलं नाही," असं सासू चारचौघींत बोलायची.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. भाव वाढेल या आशेवर लोक कापूस घरातच ठेवत. बाईच्या घरी पुढची खोली आढ्यापर्यंत भरली होती आणि ती त्या ढिगाला टेकूनच झोपायची. अंग खाजायचं, दिवसभर थकवा असायचा. कशाचा थकवा हे कोणी विचारत नव्हतं.

मी बीएस्सी होऊन यवतमाळला नोकरीला लागलो तेव्हा तिला तिथल्या लेडी डॉक्टरकडे नेलं. सोनोग्राफी झाली. मॅडम म्हणाल्या, पीसीओएस आहे. हार्मोन्सचा ताळमेळ बिघडलाय. आधी काही महिने गोळ्यांनी पाळी मार्गावर आणू, मग मुलाचं बघू. हे सगळं त्यांनी बाईला सांगितलं. मी तेव्हा चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानापुढे रांगेत उभा होतो.

परतताना एसटीत मी पाकिटावरचं इंग्रजी वाचलं. कॉलेजात ग्रंथींच्या आकृत्या मी सुबक काढायचो, हार्मोन्सची नावं पाठ होती. ती नावं पाकिटावर होतीच, पण खाली आणखी एक शब्द होता. कॉन्ट्रासेप्टिव्ह, म्हणजे गर्भनिरोधक.

"बाई, ही तर पोर न होण्याची गोळी आहे!"

ती घाबरली. "मॅडमनं तर म्हटलं, महिन्याच्या महिन्याले पाळी येईन."

"त्यांचं काही चुकलं असेल."

तिनं पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाली, "तू शिकलेला हायेस भाऊ. तूच सांग, घेऊ का नको?"

"नको घेऊ," मी म्हणालो. इतक्या सहज.

तिनं एकही गोळी घेतली नाही. पाकीट पेटीत ठेवलं. तीन महिने पाळी आली नाही. सासूला वाटलं, मॅडमचं औषध लागू पडलं, दिवस गेले. तिनं पहिल्यांदाच सुनेला वेचणीला पाठवलं नाही, ताटात जास्तीचं तूप वाढलं. बाईनं ते खाल्लं. कदाचित तिलाही ते खरं असावं असं वाटत होतं.

चौथ्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला आणि थांबेना. भाऊजींनी तिला ऑटोनं नेरला आणि तिथून यवतमाळला आणलं. रक्त चढवावं लागलं. तपासणीत कळलं, दिवस गेलेच नव्हते.

मॅडमनी मला समजावलं. अंडं पिकून बाहेर पडत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. मग गर्भाशयाचं अस्तर वाढतच जातं आणि एक दिवस असं सुटतं. गोळी ते आवरते, पुरुषी हार्मोनही कमी करते.

"मग गोळ्या बंद कोणी केल्या?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून बाई म्हणाली, "मीच इसरली जी."

मीही काही बोललो नाही.

घरी गेल्यावर सासूनं गावभर केलं, यवतमाळच्या गोळ्यांनी पोर पाडलं. मॅडमनी पुन्हा दिलेलं पाकीट तिनं चुलीत टाकलं. गोळ्या घेतल्याच नव्हत्या, हे बाईनं सांगितलं नाही; सांगितलं असतं तर माझं नाव आलं असतं. मी भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "आता काही नको भाऊ. थकली मी." भाऊजी खाली मान घालून बसले होते. मला तिथेही बोलता आलं नाही. यवतमाळला परतून मी पत्र लिहिलं, तिला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरांत.

"बाई, नमस्कार.

हे पत्र तू वाच आणि मग भाऊजींना सासूबाईंसमोर मोठ्यानं वाचायला सांग.

बाईनं एकही गोळी घेतली नव्हती. मी नको म्हणालो म्हणून घेतली नाही. पाकिटावरचा एक शब्द मला वाचता आला आणि मला वाटलं, सगळं कळलं. पोटात पोर नव्हतं, त्यामुळे कोणी ते पाडलं नाही. दोष गोळीचा नाही, मॅडमचा नाही, बाईचा तर नाहीच. माझा आहे.

बाई, दवाखान्यात तू माझ्या वाट्याचं बोललीस. आता तसं करू नकोस. मी रविवारी पहिल्या गाडीनं येतो. सासूबाईंना जे बोलायचं ते त्यांनी मला बोलावं. सोमवारी आपण मॅडमकडे जाऊ, भाऊजींनाही घेऊ. या वेळी मी रांगेत उभा राहणार नाही. आत तुझ्याजवळ बसेन आणि त्या काय सांगतात ते ऐकेन.

पेटीतलं जुनं पाकीट असेल तर फेकू नकोस, सोबत आण. मॅडमना दाखवायचं आहे.

तुझा भाऊ"