स्टीअरिंगचे तीन बोल्ट

रोझारिओ एक नंबरचा चिकट माणूस. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, ही म्हण ज्याने काढली त्याने नक्की मरोळ गावठाणात याच्या शेजारी खोली घेतली असणार. माझं मरोळ नाक्यावर नट-बोल्टचं दुकान आहे, तेहेतीस वर्षं. या तेहेतीस वर्षांत त्याने माझ्याकडून माल घेतला त्याच्या दुप्पट माझा चहा प्यायलाय.

तो एका कारखान्यात फिटर होता. चौपन्नाव्या वर्षी कारखाना बंद पडला आणि हा घरी बसला. बसला म्हणजे काय, अंगणात भंगारातली स्कूटर आणून उघडली. मग एक फियाट केली, मग शेवटी ती जीप. मढला बंगल्यांमध्ये शूटिंगं चालतात, तिथे जुन्या गाड्या भाड्याने लागतात. जीप उभी राहिली तर म्हातारपणाची सोय होईल, असं त्याचं गणित. मुलगा ग्लेनरॉय एअरपोर्टला कार्गोमध्ये कामाला होता, सुट्टीच्या दिवशी गाडी तो चालवणार होता.

रोझारिओ म्हणायचा, जुन्या गाडीत माणसाला इंजिन बुडवत नाही, नट-बोल्ट बुडवतात. एका जीपमध्ये हजारभर तरी लागतात, आणि सगळे नवे घेतले तर तेवढ्यात अजून एक खटारा येईल. म्हणून त्याने जुना बोल्ट कधी कापला नाही. डिझेल पाजायचा, दोन-दोन दिवस थांबायचा, ठोकायचा, गरम करायचा, पण अख्खा काढायचा. काढलेला बोल्ट पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात खोचायचा आणि बाजूला लिहायचा, पुढचा डावा मडगार्ड, वरून दुसरा. आटे खराब असले तर डाय फिरवून पुन्हा पाडायचा. कमी पडले की साकीनाक्याला भंगारवाल्याकडे बंद कारखान्यांच्या मशीनचे बोल्ट किलोवर मिळतात, ते आणून बिस्किटाच्या डब्यांत मापाप्रमाणे लावायचा. मी त्याला शिव्या घालायचो, पण खरं सांगायचं तर हात सोन्याचा होता. त्याने आवळलेलं कधी सैल झालं नाही.

पुढे त्याच्या डोक्यात चकाकीचं खूळ शिरलं. शूटिंगवाल्यांना गंजके बोल्ट कॅमेऱ्यात दिसलेले चालत नाहीत म्हणे. प्लेटिंगवाला पैसे घेणार, म्हणून याने मोबाईलवर बघून अंगणातच कारखाना काढला. बादलीत ॲसिड, त्यात बोल्ट बुडवून गंज उतरवायचा, मग दुसऱ्या बादलीत जस्ताचा पत्रा आणि बॅटरीचा चार्जर लावून मुलामा चढवायचा. व्हॅलेन्सिया, त्याची बायको, त्या वासाने वैतागायची. पण बोल्ट निघायचे ते खरंच नवेकोरे.

आता आमचं भांडण सांगतो. सगळं त्याच्यावरच अडलंय. जीप जवळजवळ झाली होती, स्टीअरिंग बॉक्स चासीला धरून ठेवणारे तीन बोल्ट तेवढे हवे होते. मी चांगल्यातले काढून दिले, भाव सांगितला. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर हा मला लुटारू म्हणाला. हसत म्हणाला, पण म्हणाला. माझं डोकं सटकलं. मी बोल्ट त्याच्या हातातून काढून घेतले आणि चालता हो म्हटलं.

आठवड्याने आला आणि काउंटरवर तीन बोल्ट ठेवले. चकचकीत. कुठल्याशा प्रेस मशीनचे ॲलन बोल्ट, सगळ्यात कडक जातीचे. अंगणात मुलामा दिलेले. फुकटात झाले बघ, असं दोनदा म्हणाला.

मी बघितले आणि मला कळलं. या धंद्यात तीस वर्षं काढलेल्या कोणालाही कळेल. साधा बोल्ट ॲसिडातून काढला तर काही बिघडत नाही. पण जेवढा बोल्ट कडक, तेवढा ॲसिडाला नाजूक. त्यातला हायड्रोजन पोलादात शिरतो. मुलामा दिल्यावर लगेच तासन् तास भट्टीत भाजला तर तो निघून जातो. नाही भाजला तर बोल्ट वरून ठणठणीत, आवळला तरी काही होत नाही, आणि मग चार दिवसांनी, पंधरा दिवसांनी, कसलाही धक्का नसताना खारी तुटावी तसा तुटतो. फिटर लोकांना हे माहीत नसतं, त्यांना कंपनीत तयार माल मिळतो. माझ्या जिभेवर आलं होतं. पण लुटारू हा शब्द कानात होता. मी म्हटलं, झकास, बसव.

एवढंच. एका शब्दाचा राग.

सतराव्या दिवशी सकाळी ग्लेनरॉय जीप घेऊन मढला निघाला होता. अक्साच्या पुढे वळणावर स्टीअरिंग हातात नुसतं फिरलं, गाडी सरळ गेली आणि झाडावर आपटली. एकोणतीस वर्षांचा पोरगा. इन्स्पेक्टरने कागदावर लिहिलं, गाडी जुनी, स्टीअरिंग निकामी. मी मयताला गेलो, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो. व्हॅलेन्सियाने बाहेर माझा हात धरला आणि सांगितलं की रोझारिओ जेवत नाही, बोलत नाही, तुम्ही मित्र आहात, समजवा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्याची मिस्सा, म्हणजे ग्लेनरॉयसाठी चर्चमधली प्रार्थना, झाल्यावर तो स्वतःच दुकानात आला. खिशातून बोल्टचं तुटकं डोकं काढून माझ्यासमोर ठेवलं. तुटलेली बाजू राखाडी, खडीसाखरेसारखी कणीदार.

"नंदू, खरं सांग. बोल्ट जुना म्हणून तुटला, की मी ॲसिडात घातला म्हणून?"

समोर माणूस नव्हता, नुसता सांगाडा उभा होता. त्याला खरं कसं सांगू? मी म्हटलं, जुनं पोलाद, मशीनवर वर्षानुवर्षं मार खाल्लेलं, थकलं होतं. ॲसिडाचा काही संबंध नाही. कोणाच्याच हातात नव्हतं. त्याने ते डोकं उचलून खिशात टाकलं आणि मान हलवून गेला. दुपारी व्हॅलेन्सियाचा फोन आला, आज दोन घास खाल्ले म्हणून. मला वाटलं, आयुष्यात एक तरी पुण्य केलं.

कसलं पुण्य! दीडेक महिन्याने तो पुन्हा आला, आणि थोडा हसतसुद्धा होता. मढला व्हॅलेन्सियाचा भाऊ क्लिफर्ड राहतो, त्याच्या मुलीचं, ज्युलियाचं, येत्या रविवारी लग्न. तारीख आधीच ठरलेली, घरात दुःख म्हणून फक्त बँड रद्द केला होता. क्लिफर्डच्या दारात एक जुनी जीप होती, नवरीला चर्चला त्यातून न्यायची म्हणून रोझारिओने ती हातात घेतली होती. सगळे बोल्ट त्यानेच ॲसिडात घालून चमकवले होते. स्टीअरिंगचेसुद्धा, तेही तसलेच कडक जातीचे. आता घरात बसवत नाही म्हणाला, हात चालला की बरं वाटतं. "ॲसिडाचा दोष नव्हता ना," तो म्हणाला, "म्हणून धीर झाला."

तेव्हाही मी बोललो नाही, चहा मागवला. दुसऱ्या दिवशी क्लिफर्डला गुपचूप फोन करायचं ठरवलं. पण क्लिफर्ड विचारणार कोणाला, तर रोझारिओलाच. आणि रोझारिओ माझं नाव सांगून त्याची समजूत काढणार. माझंच खोटं माझ्याच उरावर बसलं होतं. मी खोटं निभावलं तर ज्युलिया त्या गाडीत बसणार, आणि खरं सांगितलं तर हा माणूस उभा राहणार नाही. गुरुवारी भर दुपारी शटर ओढलं आणि गावठाणात गेलो.

तो अंगणात बादल्या धूत होता. मी उभ्यानेच सगळं बोलून टाकलं. ॲसिडानेच तुटला, मुलामा दिल्यावर लगेच भाजायला हवा होता. मला त्या दिवशी काउंटरवरच माहीत होतं. तू मला लुटारू म्हणालास म्हणून मी तोंड उघडलं नाही. आणि नंतर खोटं बोललो ते तुझी दया येऊन. मला वाटलं हा बादली माझ्या डोक्यात घालेल, आणि घातली असती तर बरं झालं असतं. त्याने बादली पालथी घातली, हात पुसले.

"भाजायचे म्हणजे किती?"

"दोनशे डिग्रीला. चार तास."

आतून केकचा वास येत होता. व्हॅलेन्सियाने भाचीच्या लग्नाचा केक स्वतः करायला घेतला होता. तो दरवाज्याकडे बघत राहिला.

"त्या ओव्हनमध्ये झालं असतं?"

अजून एक खोटं सांगता आलं असतं. भट्टी मोठी लागते, घरगुती ओव्हन चालत नाही, काहीही. पण खोट्याने काय होतं ते बघून झालं होतं.

"झालं असतं," मी म्हटलं.

तो आत गेला नाही. पान्यांची पिशवी उचलली आणि चल म्हणाला. दुकानातून नवे बोल्ट घेतले, रिक्षाने मढला गेलो. क्लिफर्डला एवढंच सांगितलं की काही बोल्ट बदलायचे आहेत. तो आमच्यासाठी खुर्च्या आणायला गेला.

मी जीपखाली शिरलो. स्टीअरिंगचा पहिला बोल्ट नीट सुटला, दुसराही. तिसऱ्याला पाना लावला, जेमतेम जोर दिला, तर डोकं माझ्या तळहातावर आलं. तशीच राखाडी बाजू. रोझारिओने ते माझ्याकडून घेतलं, उजेडात धरून बघितलं.

"ग्लेनरॉयला मी मारलं," तो म्हणाला, "आणि तू बघत होतास."

शब्द न शब्द खरा होता. मांडवाचे बांबू घेऊन माणसं फाटकातून आत येत होती. त्याने पिशवीतला नवा बोल्ट काढून माझ्या हातात दिला आणि आवळ म्हणाला. माझ्याच्याने नट आट्यांवर सरळ बसेना. तेव्हा त्याने मला बाजूला सारलं, पाना काढून घेतला आणि तिन्ही स्वतःच आवळले.