मधली गाडी

मी गाडी शिकले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. किल्ली हातात देताना नवरा म्हणाला, "एकदा जरी कुठं ठोकलीस, तर किल्ली परत." हे तो हसत हसत म्हणाला होता. पण त्याचं कुठलं हसणं खरं आणि कुठलं नुसतं दातांचं, हे मला एवढ्या वर्षांत कळायला लागलं आहे. मी मान हलवली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

मी फुलंब्रीच्या पुढे एका गावातल्या शाळेत शिकवते. त्याआधी कित्येक वर्षं मी काळी-पिवळीने जायचे. जीपच्या मधल्या बाकावर आम्ही कोंबलेल्या, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत, आणि ड्रायव्हर पुढच्या ट्रकला असा चिकटलेला की ट्रकच्या पाठीवरचा मजकूर आम्हाला तोंडपाठ. स्वतःची गाडी चालवायला लागल्यावर दिवसातला एक तुकडा पहिल्यांदाच माझा एकटीचा झाला. काचा वर करायच्या आणि मोठ्याने गाणी म्हणायची. माझा आवाज भसाडा आहे, पण ऐकायला होतं कोण? त्या वेळात चहा मागायला कुणी नव्हतं आणि बाई म्हणून हाक मारायलाही कुणी नव्हतं. तेवढं माझ्याकडून जाऊ नये, याची मला फार धास्ती होती. म्हणून मी गाडी अतिशय जपून चालवायचे.

जपून म्हणजे अंतर ठेवून. उस्मानपुऱ्यातल्या ड्रायव्हिंग क्लासच्या मास्तरांनी ते डोक्यात पक्कं बसवलं होतं. "मॅडम, पुढची गाडी खांबाच्या पुढं गेली की मनात म्हणायचं, एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन. तेवढं म्हणून व्हायच्या आत तुम्ही खांबाला पोचला, तर तुम्ही लई जवळ हायत." सिग्नलला थांबलं की पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसले पाहिजेत, हेही त्यांचंच. आणि शेवटी, "पुढच्यानं कसाबी ब्रेक मारू द्या, मागून धडकला त्यो चुकला."

आमच्या शहरात मात्र अंतर ठेवणाऱ्याला बावळट समजतात. जालना रोडवर दोन गाड्यांमध्ये जागा सोडून बघा. आधी एक दुचाकी शिरते, मग रिक्षा, आणि रिक्षावाला वर आपल्याकडेच रागाने बघतो. मागचा तर हॉर्नवरचा हात काढतच नाही. मी सगळ्यांना घुसू द्यायचे आणि पुन्हा मोजायला लागायचे. नवरा शेजारी असला की चिडायचा. "सगळं गाव जाऊ दे पुढं, आपण इथंच मुक्काम करू," म्हणायचा.

मग पुतणीचं लग्न ठरलं. पुतणी म्हणजे थोरल्या दिरांची मुलगी. पैठणीचा बस्ता पैठणलाच जाऊन बांधायचा, असं दोन्ही घरांनी ठरवलं. तीन गाड्या निघणार होत्या. व्याह्यांची सगळ्यांत पुढे, कारण मान त्यांचा. मागे दिरांची, कारण वडीलधारा माणूस मागून सगळ्यांवर नजर ठेवतो. मधली आमची. नवऱ्याची पाठ धरली होती, म्हणून चालवणार मी. व्याही पैठण रोडला पुढे थांबले होते, आमच्या गाड्या दिसताच ते निघाले. आमच्यात स्टिअरिंगवर कोण आहे, ते त्यांनी पाहिलं नाही. पुतणीला विहीणबाईंनी आधीच घरून आपल्या गाडीत घेतलं होतं.

निघतानाच दिरांनी सांगून ठेवलं होतं, शुभकार्याला निघालेल्या गाड्यांच्या मधे परकं वाहन येता कामा नये. माझे थोरले दीर माझ्याशी थेट बोलत नाहीत. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायची ती रीतच नाही. काही सांगायचं असेल तर ते भिंतीकडे बघून सांगतात, नाहीतर नवऱ्याकरवी. मलाही ते सोयीचंच होतं, कारण भिंतीला उत्तर द्यावं लागत नाही.

नक्षत्रवाडी मागे पडली तेव्हा माझ्या आणि व्याह्यांच्या गाडीच्या मधे एक दुचाकी आली, मग दुधाचा टेम्पो आला. लगेच मागून नवऱ्याला दिरांचा फोन. स्पीकरवरच होता. "तिला सांग, गाडी चिकटव म्हणावं. येवढं मैदान कशाला सोडलंय मधी?"

"अगं, जवळ घे," नवरा म्हणाला.

"जवळच आहे."

"त्यांना वाटंल आपल्याला यायचंच नाय."

टेम्पो वळून गेला. मी गाडी थोडी पुढे घेतली, पण मोजत राहिले. आरशात दिरांची गाडी दिसत होती. दिसत कसली, आरसाभर तीच होती. त्यांच्या गाडीच्या काचेला लावलेली लिंबू-मिरची मला स्पष्ट दिसत होती. पुढे विहीणबाईंचा मान, मागे दिरांचा हॉर्न, उजवीकडे रस्त्याच्या कामासाठी लावलेले सिमेंटचे ठोकळे आणि डावीकडे नवऱ्याचं तोंड. मला घाम फुटला होता. गाडी बाजूला घेऊन उतरावं आणि चालत घरी जावं, असं मला अगदी खरंच वाटलं.

बिडकीनच्या अलीकडे रस्त्याला लागून एक मारुतीचं देऊळ आहे. बस्त्याला निघालोय आणि नारळ फोडायचा राहिला, हे विहीणबाईंना नेमकं तिथे आठवलं. त्यांच्या ड्रायव्हरने होती तिथे गाडी उभी केली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. पुढच्या गाडीचे मागचे टायर मला रस्त्याला टेकलेले दिसत होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. "बघा," असं मी नवऱ्याला म्हणणार, तेवढ्यात मागून दिरांची गाडी येऊन आदळली आणि आमची गाडी ढकलली जाऊन व्याह्यांच्या डिकीत घुसली.

कुणाला फारसं लागलं नाही. पुतणीच्या मानेला झटका बसला, तिला काही दिवस पट्टा लावावा लागला. पण मी अडकले. धक्क्याने आमची गाडी उजवीकडे सरकली होती आणि माझं दार सिमेंटच्या ठोकळ्याला टेकलं होतं. ते बोटभरसुद्धा उघडेना. पुढून हलता येईना, मागून हलता येईना. नवरा त्याच्या बाजूने उतरला. मी साडीचा घोळ गोळा करून, गिअरच्या दांड्यावरून पाय टाकत, त्याच्याच दाराने बाहेर आले.

तोवर व्याही येऊन उभे होते. त्यांनी मला डाव्या दारातून उतरताना पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं, मग मागे आमच्या दिरांकडे. दीर आपल्या गाडीजवळ खाली मान घालून उभे होते. लग्न तोंडावर आलेल्या मुलीचा बाप, आणि त्याच्या धडकेने मुलगी बसलेल्या गाडीचा चेंदा झालेला. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

"चुकलं पाहुणे," नवरा हात जोडून म्हणाला. "मीच चालवत होतो. ब्रेक लागला नाय वेळेवर. मी तुम्हाला धडकलो, म्हणून मागून दादा आमच्यावर आले."

मी तोंड उघडलं. मग पुतणी दिसली. एका हाताने मान धरून ती आमच्याकडे बघत होती. मी तोंड मिटलं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "मी थांबले होते. तुम्ही बघितलं ना?"

"बघितलं."

"मग?"

"मग काय? दादांनी ठोकली म्हणून सांगू? पोरीचं लग्न मोडायचं का?" आणि वर, "तुझं नाव तरी आलं का कुठं? मी माझ्यावर घेतलं ना सगळं?"

जणू माझ्याकडूनच आभार मानायचे राहिले होते! मला इतका संताप आला की मी पोळीची कणीक पुन्हा पुन्हा मळत राहिले आणि पोळ्या चामड्यासारख्या झाल्या. त्याने त्या मुकाट्याने खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दीर आले. सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. "मला माहीत हाय," ते म्हणाले. "तुमची चूक नव्हती. पण लग्न होऊस्तोवर सांभाळून घ्या." त्यांचे डोळे भरले होते. माझ्या रागाचं तिथेच पाणी झालं. मी म्हणाले, "लग्नापर्यंतच ना दादा?" ते म्हणाले, "व्हय. त्येवढंच."

लग्न थाटात झालं. पंगतीत व्याह्यांनी नवऱ्याच्या पानात जिलेबी वाढताना थट्टा केली, "घ्या, पण जरा अंतर ठेवून!" सगळे खदखदून हसले. दीरही हसले. नवरा तर असा लाजला की मला वाटलं, याला आता खरंच वाटायला लागलंय.

गाडी दुरुस्त होऊन आली. दीर घरी आले होते, त्यांच्यासमोरच मी किल्ली मागितली.

"अगं, जरा विचार कर," तो म्हणाला. "सगळ्यांना वाटतंय मी ठोकली. आता तू चालवायला लागलीस, तर लोक काय म्हणतील? याच्याच्यानं होत नाय म्हणून बायको चालवती. व्याह्यांच्या घरी काय तोंड दाखवू?"

"मग खरं सांगा."

"आता? आता सांगितलं तर आपण त्यांना फसवलं असं व्हईल. पोर तिथं नांदती."

तो ओरडला असता तर मी भांडले असते. पण तो काकुळतीला येऊन बोलत होता, आणि त्याच्या बोलण्यात मला कुठे फट सापडेना. मी एकदा दिरांकडे बघितलं. ते समोर बसले होते, आणि पुन्हा भिंतीकडे बघत होते.

आता मी काळी-पिवळीनेच जाते. मधलंच बाक मिळतं. रविवारी नवरा मला गाडीतून बाजारात नेतो आणि सिग्नलला पुढच्या गाडीच्या इतका जवळ थांबतो की तिची नंबर प्लेटसुद्धा दिसत नाही. 

मागच्या महिन्यात पुतणीचा फोन आला. सासरच्यांनी तिला गाडी शिकायची परवानगी दिली होती. खूश होती. पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं, असं तिने विचारलं. मी सांगायला लागले, खांब, एक हजार एक, टायर, सगळं सगळं. कितीतरी वेळ बोलत होते. मला थांबवेना. मग ती म्हणाली, "काकू, तुम्ही तर लई छान चालवायच्या. खरं सांगा, त्या दिवशी पैठणच्या रस्त्याला ठोकली कुणी? मला नेहमी वाटतं, काका नव्हतेच स्टिअरिंगवर."

तिच्या मागे विहीणबाईंचा आवाज येत होता. फोन बहुतेक स्पीकरवर होता.

"तुझ्या काकांनीच," मी म्हणाले. "अंतर ठेवत नाहीत ते."