मैत्रिणीच्या इंटरव्ह्यूला

कांदिवलीतली आमची औषधांची कंपनी बंद झाली तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते. स्टोअरमध्ये बावीस वर्षं काढली होती, त्यातली एकोणीस एकाच मैत्रिणीबरोबर. ती मालाडच्या कोळीवाड्यातली, आवाज खणखणीत. खोक्यांवरचे बॅच नंबर ती वाचायची, मी कॉम्प्युटरवर चढवायचे. चुका व्हायच्या, पण झाल्या की दोघींच्या व्हायच्या.

नोकरी शोधायची म्हणजे ओळखीतल्या कोणाला तरी बायोडेटा द्यायचा, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आता सगळं ऑनलाइन. तिच्याकडे भाचीचा जुना लॅपटॉप होता, म्हणून दर मंगळवारी मी घाटकोपरहून तिच्या घरी जायचे. आधी बायोडेटा अपलोड करायचा आणि मग त्यातलीच प्रत्येक ओळ खालच्या रकान्यांत पुन्हा टाइप करायची. शाळेचं नाव यादीतून निवडायचं. माझी जालन्याकडच्या खेड्यातली शाळा कुठल्याच यादीत सापडायची नाही, मग मी ‘इतर’ निवडायचे. शेवटी चित्रं यायची. यातले सिग्नल कुठले ते ओळखा, म्हणजे तुम्ही माणूस आहात याची खात्री होईल.

“एकोणीस वर्षं कार्ड पंच केलं,” ती एकदा भडकून म्हणाली, “तेव्हा कोणी विचारलं नाही, माणूस आहेस का म्हणून!”

आम्ही इतक्या हसलो की वेळ संपली आणि पान बंद झालं. परत पहिल्यापासून सगळं.

एका मंगळवारी अंधेरीच्या एका कंपनीत स्टोअरची जागा दिसली. अगदी आमचंच काम. दोघींनी अर्ज केले. माझा भरायला दोन तास लागले आणि नकार चार मिनिटांत आला. ‘आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार केल्यानंतर’ अशी त्याची सुरुवात होती. चार मिनिटांत माझा चहासुद्धा संपत नाही. तिने बोंबील तळले होते, पण मी ताट बाजूला सारलं.

“खा गं,” ती म्हणाली. “त्यांचा राग माझ्या बोंबलांवर नको.”

आठ दिवसांनी तिचा फोन आला. त्याच कंपनीने तिला इंटरव्ह्यूला बोलावलं होतं. “झकास!” मी म्हटलं खरं, पण आत कुठेतरी टोचलंच. खोटं कशाला सांगू?

“तू येतेस ना? मी एकटी नाही जाणार.”

गेले. ती मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली, मी बाहेर बाकावर तिची पर्स सांभाळत बसले. दहाएक मिनिटांनी दार उघडलं. मॅनेजर बाई आमच्याच वयाच्या होत्या.

“घाटकोपरहून आलेल्या त्या तुम्हीच ना? आत या.”

आत मैत्रीण ऐटीत बसली होती. “मी यांना सांगितलं, माल तपासायला मी पक्की, पण कॉम्प्युटर हिचा. उगाच थापा कशाला मारू?”

“मग तुम्ही अर्ज का नाही केलात?” बाईंनी मला विचारलं.

“केला होता. तुम्ही चार मिनिटांत नाही म्हणालात.”

“मी?” त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं आणि कपाळाला हात लावला. “अहो, शाळेच्या रकान्यात ‘इतर’ लिहिलंय ना, म्हणून सिस्टिमने परस्पर बाजूला काढलाय. माझ्यापर्यंत आलाच नाही.” मग त्या मैत्रिणीकडे वळल्या. “तुमची शाळा बरी सापडली यादीत?”

“कुठली सापडतेय! पहिलं नाव दिसलं ते दाबलं.”

बाई इतक्या हसल्या की बाहेर रिसेप्शनवर बसलेल्या मुलीने दारातून डोकावून पाहिलं. “ते आता दुरुस्त करू,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “दोन महिन्यांत एक्सपायर होणारा माल मागच्या रॅकमध्ये सापडला तर काय कराल?”

“पहिला पुढे काढायचा,” मैत्रीण म्हणाली.

“आधी सेल्सला कळवायचं,” मी म्हणाले.

“त्यांना कळेपर्यंत माल सडेल!”

“आणि न विचारता हलवलास तर हिशेब कोण जुळवणार?”

आम्ही कुठे बसलोय हेच विसरून भांडलो. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हाताची घडी घालून ऐकत राहिल्या.

त्याच आठवड्यात दोघींना फोन आले. स्टोअरची पक्की जागा मला मिळाली. तिला मिळालं ते गाडीतून आलेला माल उतरवून घ्यायचं काम, तेही सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर. मला धड आनंदही करता येईना. दुसऱ्या दिवशी कागद द्यायला गेलो, तेव्हा गेटबाहेर मी तिला म्हटलं, “ही जागा तुझी होती गं.”

“होती. आता तुझी आहे. मला त्या कॉम्प्युटरसमोर बसवलं असतं तर आठवड्यात वाट लागली असती. तोंड पाडू नकोस, मला भूक लागलीय.”

समोरच्या हॉटेलात आम्ही मसाला डोसे मागवले. तिने माझी चटणीही संपवली. मी तिच्याकडे बघत होते आणि कितीतरी महिन्यांनी मला खरंच हलकं वाटत होतं.

सोमवारी आठला गोडाऊनमध्ये शिरलो. सलाइनची खोकी छतापर्यंत रचली होती, त्यातली निम्मी उलटी. मैत्रिणीने पर्स खुंटीला अडकवली, ओढणी कमरेला गच्च बांधली आणि पहिल्या खोक्यावरचा नंबर मोठ्याने वाचला. मी की-बोर्ड पुढे ओढला.