शवपेटीपाशी रडलेली कासिल्दा

कासिल्दा मोंतिएल लोकांपुढे पहिल्यांदा उभी राहिली ती सैतान होऊन. नाताळच्या आधी मेक्सिकोत चर्चच्या अंगणात मेंढपाळांचे नाटक होई. बाळ येशूच्या दर्शनाला निघालेल्या भोळ्या जिवांना सैतान वाट चुकवतो, आणि लोक त्या सैतानावरच जीव ओवाळून टाकतात. कागदाची शिंगे लावलेली ती पोर अशी हसली, की पाद्रीबाबांनीही टाळ्या वाजवल्या. मग काय विचारता! तंबूतल्या फार्सात ती मोलकरीण झाली, मोठ्या रंगमंचावर राणी झाली, चित्रपटांत जोगीण झाली, विधवा झाली, डाकूची बायको झाली. देह एकच, पण त्यात किती जणी नांदल्या! प्रभूने एका कंठात एवढे आवाज का घातले, ते त्याचे तोच जाणे.

हे सारे तिला शिकवले दोन्या कूका यांनी; 'दोन्या' म्हणजे तिकडच्या बोलीत 'बाईसाहेब'. जुन्या रंगभूमीच्या या थोर नटी तिला समोर बसवून पाठांतर करून घेत. "वाक्य आधी पोटात जाऊ दे पोरी, मग ओठांवर आण. आणि समोरची अडली, तर तिचं वाक्य हळूच तिच्या ओंजळीत टाकायचं. अडलेल्याला सोडून पुढं जायचं नाही."

पुढे दूरचित्रवाणीवरच्या मालिका आल्या. तिथे पाठांतराला सवड कुठली? नटांच्या कानात चिंचोक्याएवढे यंत्र बसवतात. पलीकडच्या खोलीतून एक जण सर्वांचे संवाद वाचतो, आणि कानात पडेल ते तोंडातून निघते. कासिल्दा त्यात तरबेज झाली. खलनायिका म्हणून तर इतकी गाजली, की बाजारात मक्याचे उकडलेले तामाल विकणाऱ्या बाईने तिला हाकलले.

"तुला नाही देणार! काल त्या आंधळ्या पोरीला जिन्यावरून ढकललंस, आणि आज भूक लागली होय गं?"

"अहो, ती पोरगी धडधाकट आहे. सकाळीच माझ्याबरोबर कॉफी प्यायली."

"ऐकलंत? आता कॉफीत काय कालवलंस, तेही सांग!"

त्याच मालिकेत दोन्या कूका तिच्या आजेसासू होत्या. त्यांनी यंत्र कधी घेतलेच नाही. "माझ्या कानात गुआदालुपेची मेरी माउली बसते," त्या म्हणत. "तिला उठवून तुमच्या वाचणाऱ्याला कुठं बसवू?"

एके दिवशी त्या वाचणाऱ्याच्या हातून दोन पाने एकदम उलटली. यंत्रवाले सगळे आवाजामागून पुढे गेले. एकट्या दोन्या कूका होत्या तिथेच थांबल्या.

"थांबवा!" दिग्दर्शक एवारिस्तो ओरडले. "बाई, विसरलात ना?"

"विसरले नाही. मधलं पान तुम्ही सोडलंत."

"म्हणजे सगळे चुकले, आणि तुम्ही एकट्या बरोबर?"

सगळे हसले. कासिल्दाने ते पान सकाळीच वाचले होते. तिला ठाऊक होते. दोन्या कूका तिच्याकडे पाहत राहिल्या, अडलेल्या नटीला वेळ द्यावा तशा. पण पुढच्या मालिकेतली नायिकेची भूमिका एवारिस्तोंच्या हातात होती. कासिल्दाने आपल्या बुटांकडे पाहिले.

पुढच्याच आठवड्यात कथेतली आजेसासू खुर्चीत बसल्या बसल्या वारली. रिकाम्या शवपेटीपाशी कासिल्दा अशी रडली, की त्या रडण्याला वर्षाचे पारितोषिक मिळाले. अरे देवा, पापाचे अश्रू, आणि त्यांनाच हार! 'दोन्या कूका विसरतात' एवढे मात्र गावभर झाले. त्यांना पुन्हा कुणी काम दिले नाही.

पारितोषिक कासिल्दाने कपाटात तोंड भिंतीकडे करून ठेवले. पुढे ती पुन्हा नाटकाकडे वळली. कानात काही न घेता, रोज पहाटे पाठ करीत. शंभराव्या प्रयोगाला नाट्यगृहात पाटी लावतात, आणि त्या पाटीवरचे कापड कुणा मानाच्या माणसाने ओढायचे असते. कासिल्दाने दोन्या कूकांना बोलावले. त्या वृद्ध कलावंतांच्या आश्रमातून काठी टेकत आल्या. रंगपटात कासिल्दा त्यांच्या पायांशी बसली.

"बाई, त्या दिवशी..."

"मला ठाऊक आहे त्या दिवशीचं. मी वाट पाहत होते. तुझंच वाक्य होतं ते."

"मला क्षमा करा."

"इथं नको. माझं नाव चारचौघांत गेलं. बोलायचं तर चारचौघांत बोल."

तेवढ्यात तिसरी घंटा झाली, आणि कासिल्दा रंगमंचावर गेली.

प्रयोग संपला. पहिल्या रांगेत दिग्दर्शक एवारिस्तो होते. निळ्या कापडाने झाकलेल्या पाटीपाशी कासिल्दा उभी राहिली, तोंड उघडले, आणि शब्दच फुटेना. सगळे सभागृह वाट पाहत होते. मग पाठीमागून दोन्या कूकांचा हलकेच आवाज आला, "'त्या दिवशी पान आमचं चुकलं होतं...'"

"त्या दिवशी पान आमचं चुकलं होतं," कासिल्दा मोठ्याने म्हणाली.

"'दोन्या कूका विसरल्या नव्हत्या...'"

"दोन्या कूका विसरल्या नव्हत्या." तिने श्वास घेतला. "मला ते ठाऊक होतं, आणि स्वतःच्या कामासाठी मी गप्प बसले."

कुणी टाळी वाजवली नाही. दोन्या कूकांनी पुढे होऊन कापड ओढले.

"शेवटचं मी सांगितलं नव्हतं हं," त्या पुटपुटल्या.

"नाही, बाई. ते माझं होतं."