तितराची मोजणी

शेवगावकडच्या आमच्या माळावर तो पोरगा टेप घेऊन आला, तेव्हा मला वाटलं, सरकारी मोजणीवाला. हद्द आमच्या बाजूने सरकावी म्हणून दुधाचा चहा पाजला, खोटं कशाला बोलू.

"आजी, मी पक्ष्यांचा अभ्यास करतो, त्यासाठी माळावरचे गवताचे तुकडे मोजतो. मधे फार उघडं असलं की तितर पलीकडे जायला भितो."

"मग तितराचा सातबारा काढतोस व्हय रे?"

तो हसला. दर थंडीत यायचा. तितर ओरडला की टेपवरचा हात थांबायचा.

यंदा दोन तुकड्यांमधला झुडपांचा बांध नव्हता. आम्हीच जेसीबीने सपाट करून नुकताच ऊस लावला होता. त्याने टेप काढलाच नाही.

"आता दोन्हीकडून नुसते ओरडत राहतील," एवढंच म्हणाला.

रोज सकाळी मी ऐकते. अलीकडचा ओरडतो. पलीकडचा परवापासून गप्प आहे.